पॉलिसीवर कर्ज काढण्याआधी वही काढा



मागे एका गटाची बैठक संपली. सगळ्या उठल्या, पण एक ताई तशीच बसून राहिली. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला विम्याचा बाँड काढला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "ताई, मंगळवारी फायनान्सवाले येणार. ह्याच्यावर कर्ज मिळतं म्हणतात. कुठं सही करायची तेवढं सांगा."

बारा वर्षं तिनं तो विमा भरला होता. कधी बोकड विकून, कधी कापूस वेचणीच्या मजुरीतून. आता एका सहीत तो गहाण पडणार होता. त्या दिवशी आम्ही सही केली नाही. आधी वही काढली आणि हिशोब मांडला. तोच हिशोब आज आपण सगळ्या मिळून शिकू. ताईचं नाव-गाव देत नाही आणि आकडेही समजायला सोपे करून घेतले आहेत.

१. पॉलिसीवरचं कर्ज म्हणजे काय?

आयुर्विम्याची पॉलिसी काही वर्षं भरली की तिला एक किंमत येते. आज पॉलिसी मोडली तर हातात जेवढे पैसे येतील, ती तिची सरेंडर किंमत. ही किंमत भरलेल्या पैशांपेक्षा बऱ्याचदा कमी असते, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत. पॉलिसी चालू असेल तर विमा कंपनी साधारणपणे सरेंडर किमतीच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देते. त्यासाठी बाँड कंपनीकडे जमा करावा लागतो आणि पॉलिसी कंपनीच्या नावे लिहून द्यावी लागते.

सगळ्याच पॉलिसींवर कर्ज मिळत नाही. बचत आणि विमा दोन्ही असलेल्या पॉलिसीवर मिळतं. नुसत्या जोखमीच्या विम्यावर, म्हणजे टर्म पॉलिसीवर, मिळत नाही. बँकेतून वर्षाला ४३६ रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना याच प्रकारची आहे. तिच्यात २ लाखांचं संरक्षण आहे, पण बचत नाही, म्हणून कर्जही नाही.

या कर्जाला जामीनदार लागत नाही, दर महिन्याला मुद्दल फेडा म्हणून कोणी मागे लागत नाही आणि व्याज सावकारापेक्षा खूपच कमी असतं. म्हणून ते गोड वाटतं. पण तीन गोष्टी नीट बघा.

पहिली गोष्ट. व्याज बहुतेक ठिकाणी दर सहा महिन्यांनी भरायचं असतं. नाही भरलं तर ते मुद्दलात मिळतं आणि व्याजावर व्याज चढतं.

दुसरी गोष्ट. विम्याचा हप्ता वेगळा आणि कर्जाचं व्याज वेगळं. दोन्ही भरावं लागतं. कर्ज काढलं म्हणून हप्ता थांबत नाही.

तिसरी गोष्ट. मधे काही बरंवाईट झालं तर कंपनी आधी आपलं कर्ज आणि व्याज कापून घेते. राहील ते मुलाबाळांच्या हातात पडतं.

हिशोब करून बघू. समजा सरेंडर किंमत ९०,००० रुपये आहे आणि कर्ज मिळालं ८१,०००. व्याज वर्षाला १० टक्के धरू, म्हणजे सहा महिन्यांना ५ टक्के. खरा दर तुमच्या शाखेत विचारून घ्या. आता व्याजही भरलं नाही आणि विम्याचा हप्ताही थांबवला, तर काय होतं?

सहा महिन्यांनी देणं ८५,०५०.
एक वर्षानं ८९,३०२.
दीड वर्षानं ९३,७६७.

दीड वर्षात देणं सरेंडर किमतीच्या पुढे गेलं. अशी बंद पडलेली पॉलिसी कंपनी नोटीस देऊन कायमची संपवू शकते. बारा वर्षांची भरणी दीड वर्षात गेली आणि विम्याचं छत्रही गेलं. म्हणून कर्ज काढलंच तर विम्याचा हप्ता कधीही चुकवू नका. चालू पॉलिसीला वाचायला वाव असतो, बंद पडलेलीला नसतो.

२. दोन घरं, दोन हिशोब

पॉलिसीवर कर्ज काढणं नेहमीच चूक असं नाही. ते कशासाठी काढतो यावर सगळं आहे. दोन घरं बघू. दोन्ही घरांची कमाई महिन्याला १४,००० रुपये. खायचं-प्यायचं, शाळा, औषध आणि विम्याचा हप्ता धरून खर्च ९,०००. म्हणजे देणी फेडायला उरतात ५,०००. दोघींच्या पॉलिसीवर ८१,००० मिळू शकतात.

पहिलं घर:

बचत गटाचं कर्ज बाकी ३०,०००, महिन्याचा हप्ता १,४००.
एका फायनान्सचं बाकी ४५,०००, हप्ता २,९००.
दुसऱ्या फायनान्सचं बाकी ३८,०००, हप्ता २,४००.
सावकाराचं मुद्दल ४०,०००, शेकडा ५ रुपयांनी महिन्याला २,००० नुसतं व्याज.

एकूण महिन्याला ८,७००. हातात ५,०००. दर महिन्याला ३,७०० ची ओढाताण. शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के, हे विसरू नका. त्या २,००० नं मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही.

या ताईनं पॉलिसीवर ८१,००० काढले आणि त्याच आठवड्यात सावकाराचे ४०,००० आणि दुसऱ्या फायनान्सचे ३८,००० पूर्ण फेडले. महिन्याचं देणं ८,७०० वरून ४,३०० वर आलं. पॉलिसीच्या व्याजासाठी महिन्याला ६७५ बाजूला टाकले. झाले ४,९७५. हातात ५,०००. काठावर का होईना, घर बसलं. फायनान्सचं दुसरं कर्ज संपलं की तोच हप्ता पॉलिसीचं मुद्दल फेडायला वळवता येईल. इथं पॉलिसीवरचं कर्ज कामाचं ठरलं, कारण महाग कर्ज मुळासकट गेलं.

दुसरं घर हे त्या बाँड घेऊन आलेल्या ताईचं. तिची देणी अशी होती:

गटाचं ४०,०००, तीन फायनान्सचं मिळून २,३०,००० आणि सावकाराचं १,५०,०००. एकूण ४,२०,०००. महिन्याला गटाचे १,६००, फायनान्सचे १०,९०० आणि सावकाराचं व्याज ४,५००, असे १७,००० जात होते. हातात ५,०००. तूट १२,०००.

ती ८१,००० आणून हप्ते भरणार होती. १२,००० नं भागलं तर किती महिने पुरतील? पुरते सात महिनेही नाहीत. आठव्या महिन्यात तीच माणसं तशीच दारात. आणि ८१,००० सगळ्यांना थोडे थोडे वाटले असते तर? ४,२०,००० मधून ८१,००० गेले, राहिले ३,३९,०००. त्यात पॉलिसीचं नवं कर्ज ८१,००० मिळवा. परत ४,२०,०००. कर्जाचा आकडा तेवढाच राहिला, फक्त पॉलिसी गहाण पडली.

ताई बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत होती. मग तिनं बाँड उचलून परत पिशवीत ठेवला.

आजचा नियम: पॉलिसीवरच्या कर्जानं महाग कर्ज *संपत* असेल आणि उरलेले हप्ते कमाईत बसत असतील, तरच ते काढा. नुसते हप्ते पुढे ढकलायला काढू नका.

३. जे सुरक्षित आहे ते स्वतःहून उघडं करू नका

कर्ज थकलं की पहिली भीती वाटते, "सगळं उचलून नेतील." तसं कोणालाही करता येत नाही. घेणेकऱ्याला आधी कोर्टात जाऊन हुकूमनामा मिळवावा लागतो. आणि हुकूमनामा मिळाला तरी काही वस्तूंना हात लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये त्यांची यादी आहे. त्यात अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता न येणारे दागिने, शेतकऱ्याची पोटापाण्याला लागणारी अवजारं आणि जनावरं हे सगळं येतं. आणि त्याच यादीत कर्जदाराच्या स्वतःच्या आयुर्विमा पॉलिसीखाली मिळणारी रक्कमही आहे.

त्याच कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोर्ट बाईला दिवाणी तुरुंगात टाकू शकत नाही. "पोलिसात देऊ, आत टाकू" असं कोणी म्हणालं तर हे कलम आठवा. मात्र दिलेला चेक वटला नाही किंवा फसवणुकीची तक्रार झाली तर ती वेगळी, फौजदारी बाब होते. म्हणून कोरा चेक सही करून कोणालाही देऊ नका.

आता मुद्दा बघा. पॉलिसी पॉलिसी म्हणून आहे तोवर तिच्यावर कायद्याचं पांघरूण आहे. तिच्यावर कर्ज काढून ते पैसे खात्यात आणले की ते साधे पैसे झाले. ते पांघरूण निघालं. कर्जात बुडालेली बाई घाबरून नेमकी हीच गोष्ट आधी करते. जे कोणी नेऊ शकत नव्हतं ते स्वतःच्या हातानं काढून देते.

नवऱ्यानं बायको-मुलांच्या नावे विवाहित स्त्रिया मालमत्ता अधिनियम, १८७४ खाली पॉलिसी घेतली असेल तर ती आणखी पक्की. ती रक्कम बायको-मुलांची मानली जाते. नवऱ्याला ती आपल्या कर्जापायी वापरता येत नाही आणि त्याच्या घेणेकऱ्यांचाही तिच्यावर हक्क नसतो. फक्त घेणेकऱ्यांना बुडवायच्या हेतूनं ती घेतलेली नसावी. पॉलिसी घेतानाच तसा अर्ज भरावा लागतो, मागाहून करता येत नाही.

४. "दिवाळं काढलं तर?"

त्या ताईच्या भावानं तिला सल्ला दिला होता, "पॉलिसीचे पैसे काढून माझे उसने देऊन टाक, मग कोर्टात दिवाळं जाहीर कर." असे सल्ले बऱ्याच जणींना मिळतात, म्हणून हेही नीट समजून घेऊ.

कायद्याच्या भाषेत दिवाळ्याला नादारी म्हणतात. २०१६ साली नवी संहिता आली, पण तिच्यातला सामान्य माणसाच्या नादारीचा भाग आपल्यासारख्यांना अजून लागू झालेला नाही. म्हणून मुंबई शहर सोडून बाकी महाराष्ट्रात अजून १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच चालतो. अर्ज दिवाणी कोर्टात करायचा. सगळी देणी आणि सगळी मालमत्ता खरी खरी लिहून द्यायची. कोर्ट माणसाला नादार ठरवतं, मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते, तो ती विकून घेणेकऱ्यांना वाटतो. पुढे कोर्टाला योग्य वाटलं तर कर्जातून मुक्तता मिळते. वेळ आणि खर्च दोन्ही लागतं.

आपल्यासाठी यात पाच गोष्टी महत्त्वाच्या:

(अ) कलम ६० च्या यादीतल्या वस्तू नादारीतही रिसीव्हरकडे जात नाहीत. म्हणजे शाबूत पॉलिसी इथंही वाचते. काढून घेतलेले पैसे वाचत नाहीत.

(आ) अर्जाआधीच्या ३ महिन्यांत एखाद्याच घेणेकऱ्याला झुकतं माप देऊन पैसे दिले, तर कोर्ट तो व्यवहार रद्द करू शकतं. भावाला दिलेले पैसे भावाकडूनच परत मागितले जातील. २ वर्षांच्या आत नातेवाइकाच्या नावे फुकट करून दिलेली जमीन किंवा वस्तूही परत आणता येते.

(इ) फेडण्याची काहीच आशा नसताना नवं कर्ज उचललं असेल, तर मुक्तता नाकारायला ते एक कारण धरलं जातं. "बुडणारच आहे तर अजून एक उचलू" हा विचार म्हणून घातक.

(ई) एकीला मुक्तता मिळाली तरी तिच्या जामीनदारांना आणि सोबत सही केलेल्यांना मिळत नाही. ताईंनो, हे दोनदा वाचा. आपण एकमेकींच्या कर्जाला सह्या करतो. एकीचं दिवाळं बाकीच्या नऊजणींच्या दारात येऊन उभं राहतं.

(उ) नादार ठरलेल्या व्यक्तीला मुक्तता मिळेपर्यंत स्थानिक संस्थेची निवडणूक लढवण्यावर बंधन येतं. आपल्यातल्या ज्या ताया ग्रामपंचायतीत आहेत किंवा जाऊ इच्छितात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून नादारी हा शेवटचा दरवाजा आहे. तो वकिलाला विचारल्याशिवाय उघडू नका. आणि त्या दरवाजाकडे जाताना पॉलिसी रिकामी करून जाऊ नका.

५. मग करायचं काय?

त्या ताईसाठी आम्ही हे केलं. तुम्हीही याच क्रमानं करा.

पहिलं पाऊल, यादी. कोणाचं किती बाकी, व्याज किती, हप्ता किती, सोबत सही कोणाची. लपवलेलं एकही कर्ज यादीबाहेर ठेवू नका. नवऱ्याला किंवा सासूला माहीत नसलेलं कर्जसुद्धा.

दुसरं पाऊल, गटाला सांगणं. लाज वाटते, पण जिथं हप्ता लपतो तिथंच सावकार शिरतो. गट किंवा ग्रामसंघ ठराव करून आपला हप्ता कमी करू शकतो, मुदत वाढवू शकतो.

तिसरं पाऊल, फायनान्स कंपनीला लेखी अर्ज. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना घराचे सगळे कर्जाचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. त्या ताईच्या घराची कमाई १४,०००, म्हणजे मर्यादा ७,०००. आणि नुसते फायनान्सचे हप्तेच १०,९००! शेवटचं कर्ज देताना कोणीतरी कमाई न बघताच दिलं होतं. हे अर्जात लिहिलं आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मागितली.

वसुलीचेही नियम आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करून तगादा लावता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास देणं मना आहे. कंपनीनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८.

चौथं पाऊल, सावकार. परवाना आहे का विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची.

पाचवं पाऊल, वकील. बाईला कमाई कितीही असली तरी मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. फोन १५१००.

आणि तीन गोष्टी कधीही करू नका. विम्याचा बाँड सावकाराकडे किंवा कोणाही माणसाकडे ठेवायला देऊ नका. पॉलिसी दुसऱ्याच्या नावे लिहून देण्याच्या कागदावर न वाचता सही करू नका. आणि "जुनी मोडा, नवी घ्या, फायदा होईल" असं कोणी एजंट म्हणाला, तर आधी शाखेतून जुन्या पॉलिसीची सरेंडर किंमत कागदावर लिहून आणा, मग बोला.

त्या ताईचं सगळं कर्ज अजून फिटलेलं नाही, खोटं कशाला सांगू. एका कंपनीनं मुदत वाढवून दिली, दुसऱ्या दोघींशी बोलणं चालू आहे. सावकाराची तक्रार तालुक्याला दिली आहे. मंगळवार येतो तेव्हा ती अजून घाबरते. पण आता गटातल्या दोघीजणी तिच्यासोबत बसतात. आणि तो बाँड तिच्या पेटीत आहे, विम्याचा हप्ता चालू आहे. मुलीच्या नावाचं नॉमिनेशनही तिनं शाखेत जाऊन तपासून घेतलं.

बैठकीत करायचा अभ्यास

१. प्रत्येकीनं आपल्या घरातल्या सगळ्या पॉलिसी आणून वहीत लिहा: कोणाच्या नावे, किती वर्षं भरली, पुढचा हप्ता कधी, नॉमिनी कोण.
२. कोणत्या पॉलिसीवर कर्ज मिळतं आणि कोणत्या नाही, ते वेगळं करा.
३. घराची कमाई आणि सगळे हप्ते मांडा. हप्ते कमाईच्या निम्म्याच्या पुढे गेलेत का?
४. दुसऱ्या घराचा हिशोब फळ्यावर करा. ४,२०,००० चे परत ४,२०,००० कसे झाले, ते नवीन सदस्याला समजावून सांगायला लावा.

हा पाठ वाचून झाल्यावर अंक पेटीत ठेवू नका. शेजारच्या गटाला द्या. कोणाच्या तरी पिशवीत आज एक बाँड असेल.